अट आधी मराठीत लिहा, मग इफमध्ये

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालेल्या एसटीत कंडक्टर तिकीट देण्याआधी मनातल्या मनात काही प्रश्न उरकून घेतो. वय पंच्याहत्तर झालंय का? नसेल, तर पासष्ट झालंय का? बाई आहे का? कडेवरचं पोर पाच वर्षांच्या आतलं आहे का? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. ‘थोडंफार’ असं उत्तर तिकिटाच्या मशिनला चालत नाही. कोडमध्ये इफ (म्हणजे ‘जर’) या शब्दापुढे जी अट लिहायची असते ती असाच एक प्रश्न असते. तुलनेची खूण त्यात प्रश्नार्थक ‘का’चं काम करते.

कॉलेज रोडच्या क्लासात शिका नाहीतर सिडकोतल्या घरी मोबाइलवर, नव्या मुलांची गाडी इफ या शब्दावर अडत नाही. ती अडते अटीवर. आणि ती चूक बहुतेक वेळा पायथन या प्रोग्रामिंग भाषेची नसते, मराठी वाक्य नीट न वाचल्याची असते.

उदाहरणं पायथनची आहेत. इफ, एलिफ (नाहीतर जर), एल्स (नाहीतर), अँड, ऑर, नॉट, प्रिंट, इनपुट असे पायथनचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. टाइप करताना ते इंग्रजी लिपीत टाइप करायचे. व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या डब्यांची) नावं मात्र पायथन ३ मध्ये खुशाल मराठीत ठेवा. ‘वय’, ‘गुण’, ‘भाडे’ ही नावं जशीच्या तशी चालतात. आकड्यांचं थोडं गमतीशीर आहे. कोडच्या ओळीत ७५ देवनागरीत लिहिलं तर सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) येते, पण प्रोग्राम चालू असताना कुणी कीबोर्डवरून ७५ देवनागरीत दिलं, तर इंट() हे फंक्शन ते बिनतक्रार आकड्यात बदलून देतं. म्हणून इथल्या कोडमधले आकडे टाइप करताना इंग्रजी लिपीत टाइप करा.

तुलनेलाही किंमत असते

पायथनच्या प्रॉम्प्टवर इफ वगैरे काही न लिहिता नुसतं हे टाइप करून बघा:

```
>>> ४० >= ३५
ट्रू
>>> २० >= ३५
फॉल्स
```

४० + ३५ लिहिलं की ७५ मिळतात, तसंच ४० >= ३५ लिहिलं की ट्रू मिळतं. बेरजेचं उत्तर संख्या, तुलनेचं उत्तर ट्रू (खरं) नाहीतर फॉल्स (खोटं). हे उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, छापता येतं, फंक्शनमधून परत पाठवता येतं. इफ फक्त ते उत्तर बघतं आणि आत जायचं की पुढे सरकायचं ते ठरवतं. अट आणि इफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा लक्षात आलं, की निम्मा गोंधळ मिटतो. अट चुकली असेल असं वाटलं तर ती उचलून एकटीच प्रिंट करून बघता येते.

```
उत्तीर्ण = गुण >= ३५
प्रिंट(उत्तीर्ण)
```

पहिल्या ओळीत दोन खुणा दिसतात त्यामुळे पोरं बिचकतात. आधी उजवीकडची तुलना होते, मग तिचं उत्तर डावीकडच्या नावात जाऊन बसतं. एवढंच.

खुणा सहा: <, >, <=, >=, ==, != (शेवटची म्हणजे ‘समान नाही’). जोडखुणांमध्ये बरोबरचं चिन्ह नेहमी दुसरं येतं. ‘पेक्षा मोठं किंवा तितकंच’ असं म्हणतो त्याच क्रमानं, आधी > मग =. उलटं => लिहिलं की सिंटॅक्स एरर. मोबाइलवर कोड लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना: काही कीबोर्ड अवतरणचिन्ह आपोआप वळणदार करतात, आणि पायथनला सरळच लागतं. अट बरोबर दिसते आणि तरी ‘इन्व्हॅलिड कॅरेक्टर’ येतं, तेव्हा तिथे बघा.

एक बरोबर आणि दोन बरोबर

= हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली छापून वापरलं, ते समानता दाखवायला. पुढे फोर्ट्रान आणि नंतर सी या भाषांनी ते ‘ही किंमत या नावात ठेव’ या कामाला लावलं. मग ‘समान आहे का?’ विचारायला सीनं दोन बरोबर घेतले. शाळेत दहा वर्षं एका अर्थानं वापरलेलं चिन्ह इथे दुसऱ्या अर्थानं येतं, तेव्हा गोंधळ होणारच. त्यात मुलांचा दोष नाही.

वय = ७५ हा हुकूम आहे. वय == ७५ हा प्रश्न आहे. ओळ मोठ्यानं वाचायची सवय लावा: पहिली ‘वयात ७५ ठेव’, दुसरी ‘वय ७५ आहे का’. इफनंतर हुकूम वाचायला कानाला खटकतो, आणि चूक तिथेच पकडली जाते.

पायथनमध्ये इफ वय = ७५: लिहिलं तर प्रोग्राम चालूच होत नाही. ३.१० आवृत्तीपासून तर ‘तुम्हाला == म्हणायचंय का’ असंही तो विचारतो. सी इतकी कनवाळू नाही. तिथे इफच्या कंसात एकच बरोबर लिहिलं तर वयात ७५ जातं, ७५ म्हणजे शून्य नाही, म्हणून अट खरी ठरते. प्रत्येक प्रवासी पंच्याहत्तरीचा! डिप्लोमाला सी असेल तर जीसीसी या सीच्या कंपायलरला -डब्ल्यूऑल हा पर्याय लावून ठेवा, निदान वॉर्निंग तरी येते.

एका बरोबरचा हा घोटाळा मुद्दामही केला गेलाय. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसडल्या होत्या. वरवर पाहता त्यात वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासलेलं दिसत होतं. शून्य म्हणजे रूट, अख्ख्या यंत्राचा मालक. पण तिथे मुद्दाम एकच बरोबर टाकलं होतं, म्हणजे तपासायच्या नावाखाली वापरकर्त्याला मालकच करून टाकणारी ओळ. ही प्रत मूळ कोडशी जुळत नाही हे लक्षात आल्यामुळे ती वेळीच पकडली गेली.

‘पर्यंत’, ‘पेक्षा’, ‘आत’, ‘किमान’

आता मुख्य मुद्दा. नियम मराठीत येतो आणि आपण त्याची खूण करतो. त्या वाटेवरच खरी पडझड होते.

‘किमान ३५’ म्हणजे >= ३५. ‘कमाल १००’ म्हणजे <= १००. ‘३५ पेक्षा जास्त’ म्हणजे > ३५, इथे ३५ वाला बाहेर. ‘३५ पेक्षा कमी नाही’ हे ऐकायला नकारार्थी, पण आहे >= ३५. ‘७५ पूर्ण’ म्हणजे >= ७५. ‘१० तारखेपर्यंत’ म्हणजे <= १०, दहावा दिवस धरून. ‘१० तारखेच्या आत’ म्हटलं की अर्धे लोक दहावा दिवस धरतात, अर्धे नाही. ‘३५ च्या वर’, ‘पाचच्या खाली’, ‘पाच ते बारा’ हे शब्द बोलण्यात चालतात, कोडमध्ये नाही. ‘पाच ते बारा’ मध्ये बाराव्या वर्षाचं काय? हा प्रश्न नियम सांगणाऱ्याला विचारायचा असतो. स्वतःच्या मनानं < किंवा <= टाकून मोकळं व्हायचं नसतं.

दहावीला पासाची रेघ शंभरातल्या ३५ वर आहे. गुण > ३५ असं लिहिलं तर प्रोग्राम ८० ला बरोबर, ५० ला बरोबर, २० लाही बरोबर उत्तर देतो. चुकतो फक्त ३५ ला. आणि तपासताना आपण हटकून ८० आणि २० च टाकतो. म्हणून प्रत्येक तुलनेसाठी तीन आकडे: सीमेच्या एक अलीकडे, सीमेवर, एक पलीकडे. इथे ३४, ३५, ३६. त्यातला मधला जास्त महत्त्वाचा, बाकी दोघे साक्षीला.

कीबोर्डवरून आलेला आकडा आकडा नसतो

हे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण इथे चूक दोन पायऱ्यांत होते आणि दुसरी पायरी पहिलीला झाकून टाकते.

```
गुण = इनपुट('गुण: ')
इफ गुण >= ३५:
    प्रिंट('उत्तीर्ण')
```

चालवलं, ८० टाकले, आणि टाइप एरर आली. कारण इनपुट() जे देतं तो मजकूर असतो. ८० नाही, ‘८’ आणि ‘०’ ही दोन अक्षरं शेजारी शेजारी. मजकूर आणि संख्या यांत लहान-मोठं ठरवायला पायथन नकार देतो. ही एरर म्हणजे मदतच. पण घाईत असलेला मुलगा ती अशी मिटवतो:

```
इफ गुण >= '३५':
```

एरर गेली. ८० ला ‘उत्तीर्ण’, २० ला काही नाही. खूश. आता ९ टाका: ‘उत्तीर्ण’. १०० टाका: काहीच नाही! मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिलं अक्षर आधी. ९ हे ३ च्या नंतर येतं म्हणून नऊवाला पास, आणि १०० मधला १ हा ३ च्या आधी येतो म्हणून पैकीच्या पैकी मिळवणारा नापास. दोन अंकी गुण सगळे बरोबर जातात, म्हणून ही चूक दिवसेंदिवस लपून राहते.

खरा उपाय पहिल्याच ओळीत आहे:

```
गुण = इंट(इनपुट('गुण: '))
```

३५.५ असे गुण येणार असतील तर इंटऐवजी फ्लोट (दशांशवाली संख्या), नाहीतर व्हॅल्यू एरर. आणि == च्या बाबतीत जास्त जपा. '७५' == ७५ याला एरर येत नाही, गुपचूप फॉल्स येतं. मजकूर आणि संख्या समान नाहीत, एवढंच तो सांगतो. तुम्ही अट खरी का होत नाही म्हणून अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसता. अशा वेळी प्रिंट(टाइप(गुण)) ही एक ओळ टाकली की उलगडा होतो.

नावांची तुलना आणि आपली लिपी

आकड्यांचं निस्तरलं की मजकुराचं निघतं. 'नाशिक' == 'नासिक' फॉल्स, हे उघड आहे; पण जुन्या याद्यांत दोन्ही सापडतात आणि मग निम्म्या ओळी गळतात. 'नाशिक ' च्या शेवटी एक स्पेस राहिली तरी फॉल्स. म्हणून इनपुट घेतल्याबरोबर .स्ट्रिप() लावायचं, कडेच्या स्पेस जातात.

याहून वाईट प्रकार डोळ्याला दिसतच नाही. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ हे दोन शब्द स्क्रीनवर सारखेच दिसतील, तुलना मात्र फॉल्स. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं जोडली आहेत. लेन() विचारलं तर पहिल्याची लांबी २, दुसऱ्याची ३. कुठला कीबोर्ड काय टाकतो यावर ते अवलंबून. ऱ चीही अशी दोन रूपं होतात, पण ती युनिकोड नॉर्मलायझेशननं (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणण्याच्या सोयीनं) एकत्र आणता येतात. ॲ ची येत नाहीत, तिथे .रिप्लेस() वापरून एक रूप हातानं दुसऱ्यात बदलावं लागतं. मराठी याद्यांवर काम करणाऱ्याला हे आज ना उद्या भेटणारच.

वरून खाली, पहिला दरवाजा

दहावीच्या निकालात ७५ टक्क्यांपासून विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय, ३५ पासून उत्तीर्ण. हे असं लिहिलं तर?

```
इफ टक्के >= ३५:
    श्रेणी = 'उत्तीर्ण'
एलिफ टक्के >= ४५:
    श्रेणी = 'द्वितीय'
एलिफ टक्के >= ६०:
    श्रेणी = 'प्रथम'
```

९२ टक्केवाली मुलगी ‘उत्तीर्ण’वर थांबते. एकेक अट सुटी घेतली तर बरोबर आहे, क्रम चुकला. इफ-एलिफच्या साखळीत पहिला उघडा दरवाजा दिसला की आत जायचं, पुढचे बघायचेच नाहीत. म्हणून >= असेल तर मोठ्या आकड्यापासून खाली या, < असेल तर लहानापासून वर जा.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे एलिफच्या जागी नुसते इफ लिहिणं. मग साखळी राहत नाही, सगळे प्रश्न सुटे होतात आणि प्रत्येक विचारला जातो. ७५ वरून खाली लिहिलेल्या सुट्या इफमध्ये ९२ ला आधी ‘विशेष प्रावीण्य’ मिळतं, मग ‘प्रथम’ त्यावर बसतं, मग ‘द्वितीय’, शेवटी ‘उत्तीर्ण’. उत्तर पुन्हा तेच, कारण वेगळं. आणि शेवटी एल्स असेल तर तो फक्त सगळ्यात शेवटच्या इफचा असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

साखळीचा फायदा असा की खालच्या अटीत वरचं पुन्हा सांगावं लागत नाही. एलिफ टक्के >= ६० पर्यंत आलो म्हणजे टक्के ७५ च्या खाली आहेत हे ठरलेलंच आहे. तरी पुष्कळजण तिथे टक्के >= ६० अँड टक्के <= ७४ लिहितात. नुसतं लांबलचक असतं तर चाललं असतं, पण ७४.६ टक्के आले की ते ना विशेष प्रावीण्याच्या दरवाजात जातात ना प्रथम श्रेणीच्या. ७४ आणि ७५ च्या मध्ये फट राहिली.

मराठीतलं ‘आणि’ आणि कोडमधलं अँड

एसटीच्या सवलती अशा: ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं, लहान मुलांना पाच ते बारा अर्धं आणि पाचच्या आत मोफत. बाराव्या वर्षाचा प्रश्न वर आलाच आहे. इथे उदाहरणापुरतं बारा पूर्ण झालं की पूर्ण तिकीट धरू.

आता हे वाक्य घ्या: ‘महिलांना आणि ज्येष्ठांना अर्धं तिकीट.’ शब्द आणि आहे म्हणून मुलं सरळ अँड टाकतात:

```
इफ बाई अँड वय >= ६५:
```

या ओळीप्रमाणे कॉलेजला जाणारी मुलगी पूर्ण पैसे भरते, सत्तर वर्षांचे आजोबाही पूर्ण पैसे भरतात. फक्त सत्तरीच्या आजीला सवलत मिळते. मराठीतलं ‘आणि’ इथे माणसांची यादी जोडतंय: महिलांची एक रांग, ज्येष्ठांची एक रांग. अँड मात्र एकाच माणसाला विचारलेले दोन प्रश्न जोडतं आणि दोन्हींना हो हवं म्हणतं. म्हणून वाक्य कोडमध्ये नेण्याआधी ते एका प्रवाशाबद्दल करून घ्या: ‘हा प्रवासी बाई असेल किंवा पासष्ट पूर्ण असेल, तर अर्धं.’ आपोआप ऑर आलं.

उलटही होतं. ‘गणित आणि विज्ञान दोन्हीत किमान ३५’ इथे खरंच अँड हवं. पण ते असं लिहिलं जातं:

```
इफ गणित अँड विज्ञान >= ३५:
```

मराठीत हे सरळ वाचता येतं, पायथन मात्र दोन वेगळे प्रश्न वाचतो: ‘गणित?’ आणि ‘विज्ञान >= ३५?’. नुसत्या संख्येला ट्रू-फॉल्स म्हणून बघायचं झालं तर शून्य म्हणजे फॉल्स, बाकी सगळं ट्रू. गणितात १२, विज्ञानात ६० असले तर मुलगा पास. दोन्ही बाजूंना पूर्ण तुलना लिहायला हवी: गणित >= ३५ अँड विज्ञान >= ३५.

याचंच भावंड: इफ उत्तर == 'हो' ऑर 'होय':. रिकामा नसलेला मजकूर नेहमी ट्रू, म्हणून ‘नाही’ टाकलं तरी अट खरी. इथे इन हा शब्द सोयीचा पडतो: इफ उत्तर इन ('हो', 'होय', 'ह'):. त्याच कारणानं इफ इनपुट('पास आहे का? '): ही ओळही फसवी. ‘नाही’ हाही मजकूरच, आणि मजकूर आहे म्हणजे ट्रू.

अँड आणि ऑर एकाच ओळीत आले तर अँड आधी होतं, गुणाकार बेरजेच्या आधी होतो तसं. हा क्रम पाठ असला तरी कंस घाला. कंसाला पैसे पडत नाहीत, आणि सहा महिन्यांनी ओळ वाचणाऱ्याचं डोकं वाचतं.

अँडची एक चांगली खोड म्हणजे डावीकडे फॉल्स मिळालं की तो उजवीकडे बघतच नाही. एकूण != ० अँड गुण / एकूण >= ०.३५ असं लिहिलं तर एकूण शून्य असताना भागाकार होतच नाही, म्हणून एररही येत नाही. बाजू बदलल्या की एरर हजर.

नकार उलटवताना

‘पाचच्या आतले किंवा पंच्याहत्तर पूर्ण झालेले मोफत, बाकीच्यांनी पैसे भरायचे.’ बाकीचे कोण? घाईत लिहिलं जातं:

```
इफ वय >= ५ ऑर वय < ७५:
```

ही अट खोटी ठरवणारं एकही वय नाही. ८० हे पाचपेक्षा मोठं आहे, तीन हे ७५ पेक्षा लहान आहे. अट उलटवताना खुणा उलटतात आणि जोडशब्दही उलटतो. ऑरचं अँड होतं. बरोबर: वय >= ५ अँड वय < ७५. हा नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावानं ओळखला जातो. हे गृहस्थ १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मले. आणि ट्रू-फॉल्सला म्हणतात तो बुलियन हा शब्द ज्याच्या नावावरून आला त्या जॉर्ज बूलनं आपला तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८५४ साली छापला. त्याची बायको मेरी ही सर्वेक्षणवाल्या एव्हरेस्टची पुतणी. शिखराला नाव मिळालं तो हाच एव्हरेस्ट.

वरची अट पायथनमध्ये ५ <= वय < ७५ अशीही लिहिता येते, वहीत लिहितो तशी. हीच ओळ सीमध्ये उतरवू नका. तिथे आधी ५ <= वय चं उत्तर ० किंवा १ येतं, मग ते ७५ शी ताडलं जातं आणि नेहमीच लहान निघतं. जावा ही भाषा निदान असा कोड कंपाइल करायला नकार देते.

अट लांबली तर तुकड्यांना नाव द्या: ज्येष्ठ = वय >= ६५. मग इफ ज्येष्ठ: मराठीसारखं वाचता येतं. तिथे इफ ज्येष्ठ == ट्रू: लिहायची गरज नाही; ‘ज्येष्ठ आहे हे खरं आहे हे खरं आहे का’ असं कुणी विचारत नाही.

दशांश आणि दहा किलोंची गोणी

लासलगावच्या कांद्याचा भाव क्विंटलमध्ये निघतो, म्हणून वजनही क्विंटलमध्येच ठेवावंसं वाटतं. दहा किलो म्हणजे ०.१ क्विंटल. अशा तीन गोण्यांची बेरीज ०.१ + ०.१ + ०.१ करून ती ०.३ शी == लावून बघा: फॉल्स. बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. यंत्र अर्धा, पाव, अष्टमांश अशा दोननं भागत गेलेल्या अपूर्णांकांची बेरीज ठेवतं, त्यात ०.१ नेमका बसत नाही. एकला तीननं भागून ०.३३३ वर थांबल्यासारखं होतं. एक क्विंटल भरेपर्यंत फिरणाऱ्या लूपला (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडला) वजन != १.० अशी अट दिली तर दहा गोण्यांनंतर वजन ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतं, अट खरीच राहते आणि लूप थांबत नाही. उपाय साधा: किलोत मोजा, पूर्णांकात. पैसे असतील तर पैशांत. दशांश टाळताच येत नसेल तर दोन संख्या जवळजवळ समान आहेत का हे बघणारं मॅथ.इजक्लोज() वापरा. फ्लोट दिसला की == लिहिताना हात थांबला पाहिजे. निफाडच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोटी कधी पेटवायची हे ठरवणारी तापमान <= ४ सारखी अट मात्र फ्लोटवर बिनधास्त चालते, कारण तिथे तंतोतंत समानता विचारलेली नसते.

तिकिटाचा अख्खा प्रोग्राम

पूर्ण भाडं समजा ५० रुपये.

```
पूर्ण = ५०
वय = इंट(इनपुट('पूर्ण झालेलं वय: '))
बाई = इनपुट('स्त्री की पुरुष: ').स्ट्रिप() == 'स्त्री'

इफ वय < ५ ऑर वय >= ७५:
    भाडे = ०
एलिफ वय < १२ ऑर वय >= ६५ ऑर बाई:
    भाडे = पूर्ण / २
एल्स:
    भाडे = पूर्ण

प्रिंट(भाडे)
```

मोफतची अट वर आहे म्हणून दुसऱ्या अटीत ‘पाच पूर्ण’ आणि ‘पंच्याहत्तरच्या आत’ पुन्हा म्हणावं लागलं नाही. दोन दरवाजे अदलाबदल केले तर ऐंशीच्या आजोबांकडून २५ रुपये घेतले जातील. तिसऱ्या ओळीत बाई हे नाव तुलनेचं उत्तर धरून बसलंय, म्हणून खाली ते नुसतंच लिहिलं.

तपासायला सीमा चार: ५, १२, ६५, ७५. प्रत्येकीच्या अलीकडचं वय आणि नेमकं तेच वय असं धरलं की ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४, ७५ ही आठ वयं होतात (पलीकडचं एक इथे सोडलं तरी चालतं, वयं पूर्णांकात आहेत आणि == कुठे नाही). पुरुषांसाठी उत्तरं क्रमानं ०, २५, २५, ५०, ५०, २५, २५, ० यायला हवीत. छापताना २५.० दिसेल, कारण / नेहमी दशांश देतं. स्त्रियांसाठी ४ आणि ७५ ला शून्य आणि मधल्या सहाही वयांना २५. म्हणजे फक्त ‘स्त्री’ टाकून चाचणी घेतली, तर दुसऱ्या अटीतले १२ आणि ६५ हे आकडे चुकून २१ आणि ५६ झालेले असले तरी एकही उत्तर बदलणार नाही. पुरुषाच्या रांगेत मात्र १२ वर्षांच्या मुलाला लगेच ५० च्या जागी २५ दिसतील.